कोत हवालदाराची यादी

पडदा वर जातो. गाझियाबादमधल्या एका सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नोव्हेंबरची दुपार, तीनला दहा मिनिटं कमी. मागे बाल्कनीचं दार आहे आणि त्यातून येणारं ऊन धुरकट पिवळं आहे. आमच्या वेळी दिव्यापुढे पिवळा कागद लावला की रंगमंचावर पडायचं तसंच. मध्यभागी जेवणाचं टेबल, टेबलावर वर्तमानपत्र पसरून निवडायला घेतलेली मेथी. उजवीकडे दार. बेल एकदाच वाजते आणि प्रवेश होतो धोंडीराम खरात यांचा. कडक इस्त्रीचा शर्ट, बूट बाहेर काढून भिंतीला समांतर लावलेले, काखेत एक लांबट रजिस्टर. मागून ओढणीला हात पुसत, हसत त्यांची बायको अक्षता.

मेथी निवडत बसलेली म्हातारी म्हणजे मी, हेमलता. तीस वर्षं नाटकांतून कामं केली, आता मुलाकडे, चैतन्यकडे असते. या प्रवेशात माझं काम फार नव्हतं. रजिस्टर घ्यायचं, खाली सही करायची. निदान धोंडीरामांनी मला नेमून दिलेलं काम तेवढंच होतं.

"मावशी, साक्षीदार म्हणून एक सही पाहिजे होती."

"का हो हवालदार, घर माझ्या नावावर करताय की काय?"

"तुमच्या कशाला, माझ्या!" अक्षता म्हणाली. "अहो मावशी, वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ह्यांनी गॅसचं पुस्तक हातात घेतलंय. कोणता सिलेंडर कधी लावला, सगळं पाठ. मी म्हटलं, ताप-बीप आलाय का?"

धोंडीराम हसले. गेले आठ दिवस ते असेच हसत होते, आणि आम्हा सगळ्यांना त्याचा आनंद झाला होता.

हा माणूस कोण, ते आधी सांगते. आटपाडीकडचा. चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झाला, त्यातली शेवटची अकरा वर्षं कोतावर. कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. ड्यूटीवर जाणाऱ्या जवानाला तिथून रायफल मिळते आणि ड्यूटी संपली की ती तिथेच जमा होते. नाव, रायफलच्या दस्त्यावरचा नंबर, वेळ, सही, सगळं रजिस्टरात. त्या खोलीच्या चाव्या धोंडीरामांच्या कमरेला असायच्या.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. मुलगी शिवांजली दहावीच्या उंबरठ्यावर, तिची शाळा बदलायला नको म्हणून गावी गेले नाहीत. एका बँकेत गनमनची नोकरी मिळाली. त्या नोकरीला स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन्स लागतं. त्यांनी एक दुनळी घेतली. रोज सकाळी ती कव्हरमध्ये घालून बँकेत जायची आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायची.

माझी त्यांची ओळख झाली ती मंडळाच्या गणेशोत्सवात. आम्ही एक ऐतिहासिक नाटक बसवलं होतं आणि मी त्यांना म्हटलं, हवालदार, तलवारी-भाले तुम्ही सांभाळा. झालं! विंगेत त्यांनी टेबल मांडलं, वही उघडली आणि प्रत्येक नटाला सही घेतल्याशिवाय लाकडी तलवार देईनात. मंत्रालयातला सेक्शन ऑफिसर असलेला आमचा राजा रांगेत उभा! दुसऱ्या अंकाआधी आमचा सेनापती, अनुराग, टेबलापाशी आला. धोंडीरामांनी त्याच्याकडे बघितलं आणि तलवार मागे घेतली.

"आधी चहा घ्या."

"अहो, एंट्री आहे माझी!"

"घरी भांडून आलाय तुम्ही. आधी चहा."

"काका, लाकडी आहे ती!"

"असू दे. चेहरा बघा तुमचा."

अनुरागने मुकाट्याने चहा घेतला, आणि खरं सांगते, त्या अंकात तो कधी नव्हे इतका चांगला बोलला. नाटक संपल्यावर मी त्यांना विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, "कोतावर. सही तर बरोबरच असते मावशी. रजिस्टरात चेहऱ्याचा कॉलम नसतो, तो आपण बघायचा." मग तलवारी मोजत मोजत एवढंच म्हणाले, "एकदा मी नुसती सही बघितली." पुढे मी विचारलं नाही. त्यांची पाठ मला ते विचारू देईना.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. बँकेत कुणी 'ए गार्ड' म्हटलं की ते दोन-दोन दिवस जेवत नसत. सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्ये स्कूटरवर तासन् तास बसून राहात, कुठेही न जाता. शिवांजली एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, "आजी, पप्पा घरी असतात पण यार, असतच नाहीत." अक्षताने माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमध्ये मनाच्या डॉक्टरांना दाखवायचा विषय काढला तेव्हा ते तिच्यावर ओरडले. "डोक्याचा इलाज लिहिला गेला की लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की नोकरी जाईल. मग मी काय, गेटवर शिट्टी वाजवू?"

आणि मग आठ दिवसांपूर्वी माणूस एकदम उजळला. गीझर दुरुस्त केला. कागदांची कपाटं लावली. जिन्यात भेटले की आधी नमस्कार करायला लागले. अक्षता मला म्हणाली, "मावशी, देव पावला."

आता ते रजिस्टर माझ्यासमोर होतं. वर सुबक अक्षरात लिहिलेलं: 'चार्ज देणे-घेणे, खरात कुटुंब.' बदली झाली की जुना माणूस नव्या माणसाला सगळं मोजून सोपवतो, तशी ती यादी होती. अनुक्रमांक, वस्तू, ठिकाण, स्थिती. गॅस, दोन सिलेंडर, चालू. गीझर, दुरुस्त. पेन्शनची कागदपत्रं, निळी फाइल, पूर्ण. गावचा सातबारा, हिरवी फाइल. शिवांजलीच्या शाळेचे नंबर, ट्यूशनचे नंबर. अडतीस ओळी. शेवटी 'वरील सर्व तपासून ताब्यात घेतले' आणि खाली अक्षताची सही.

"काय टापटीप आहे!" मी म्हटलं. माझ्या तोंडून हेच निघालं, लपवत नाही. "हवालदार, आमच्या नाटक कंपनीत तुमच्यासारखा एक माणूस असता तर निम्म्या प्रयोगांना धावपळ झाली नसती."

पेनाचं टोपण काढलं. पण पहिल्या घंटेच्या आधी सामानाची यादी स्वतः वाचायची, ही माझी तीस वर्षांची सवय. कुंकवाच्या करंड्यापासून सिंहासनापर्यंत. यादी वाचायची आणि डोळ्यांसमोर रंगमंच उभा करायचा, म्हणजे काय राहिलं ते कळतं. मी ओळीवर बोट ठेवून त्यांच्या घरातून फिरायला लागले. स्वयंपाकघर झालं. बाहेरची खोली झाली. आतली खोली, कपाट, कपाटाच्या वर...

"यात तुमची दुनळी कुठे आहे?"

अक्षताचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"ती पर्सनल आहे," धोंडीराम म्हणाले.

"पदकंसुद्धा पर्सनलच. ती एकोणतीस नंबरला आहेत. पुढे लिहिलंय, शिवांजलीसाठी."

"बंदुकीचं लायसन्स माझ्या नावावर आहे मावशी. ती कुणाला सोपवता येत नाही."

उत्तर बरोबर होतं. माझं पेन कागदाला टेकलंसुद्धा.

"करा ना मावशी लवकर," अक्षता म्हणाली. "चारला शिवांजली ट्यूशनहून येईल, मग आम्हा दोघींना नोएडाला जायचंय दादाकडे. ह्यांनीच कॅब सांगितलीय. दोन दिवस माहेरपण कर म्हणाले."

"आणि हे?"

"ह्यांना काहीतरी काम आहे घरी. बँकेत रजा टाकलीय."

मी पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असा मूर्खपणा केला. छातीवर हात ठेवला, 'आई गं' म्हटलं आणि खुर्चीत मागे कलले. वाटलं, निदान धावपळ होईल, वेळ जाईल, चैतन्यला फोन लावता येईल. अक्षता पाण्याला धावली. धोंडीराम जागचे हलले नाहीत.

"मावशी," ते शांतपणे म्हणाले, "पडताना चष्मा सांभाळलात तुम्ही. ॲक्टिंग नको."

त्यांनी रजिस्टर उचललं, मिटलं, काखेत घेतलं आणि दाराकडे निघाले. टेबलापासून दारापर्यंत सहा पावलं असतील. पण पाण्याचा ग्लास घेऊन अक्षता स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, तिने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि ती जाऊन दारात उभी राहिली.

"बाजूला हो."

"नाही."

"अक्षता, बाजूला हो."

"आठ दिवस मी खूश होते," ती म्हणाली. आवाज इतका खाली की मला कान द्यावा लागला. "रोज देवाला दिवा लावत होते. आता सरळ विचारते, सरळ सांगा. आम्हाला नोएडाला पाठवून जिवाचं बरंवाईट करायचं ठरवलंय का तुम्ही?"

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. धोंडीराम जमिनीकडे बघत होते. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही.

"बंदूक इथे आण," मी एकदम बोलून गेले. "माझ्या पलंगाखाली ठेवते. कुणाला सांगू नकोस."

"मावशी, लायसन्स ह्यांचं आहे. तुमच्या पलंगाखाली सापडली तर तुम्ही आत जाल."

"आर्म्स ॲक्ट लागतो," धोंडीराम म्हणाले.

सवयीने बोलले. मान खालीच होती, पण नियम चुकीचा सांगितला जातोय म्हटल्यावर कोत हवालदार गप्प बसू शकला नाही. अक्षताने ते नेमकं पकडलं. या मुलीने जन्मात कधी रंगमंचावर पाय ठेवला नाही, पण तो क्षण तिने ज्या हिमतीने उचलला, ती मी पाहिली आहे.

"कायदा येतो ना तुम्हाला? मग सांगा. कोतावर उभे आहात. समोर जवान आलाय. घरचं सगळं त्याने लिहून सोपवलंय. पदकं पोरीच्या नावावर केलीत. वर्षभर धड झोपलेला नाही आणि आज उगाच हसतोय. सही बरोबर आहे. द्याल त्याला हत्यार?"

काखेतलं रजिस्टर घसरून खाली पडलं, तेही त्यांनी उचललं नाही.

"द्याल?"

"शंभूपण हसत आला होता," धोंडीराम म्हणाले.

मग ते दाराशेजारच्या बूट घालायच्या स्टुलावर बसले आणि बोलले. थांबत थांबत, माझ्याकडे किंवा अक्षताकडे न बघता. शंभू नावाचा पोरगा, पंचविशीचा, त्यांच्याच पलटणीतला. पहाटेच्या गार्ड ड्यूटीला रायफल घ्यायला आला. चिठ्ठी बरोबर, नंबर बरोबर, सही बरोबर.

"आदल्या दिवशी त्यानं आपला रेडिओ एकाला दिला होता, नवीन जॅकेट एकाला. मला माहीत होतं. मी म्हटलं, दिलदार पोरगा आहे. चेहरा बघायचा राहिला. माझ्या चहाची वेळ झाली होती मावशी. चहाची. त्यानं रायफल स्वतःवर चालवली. चौकशी झाली. मला काही झालं नाही. रजिस्टर बरोबर होतं ना."

"कधीची गोष्ट?" मी विचारलं.

"नऊ वर्षं झाली."

अक्षता दारातून हलली नव्हती. "मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. आणि मग, "मी पण आठ दिवस तेच म्हणत होते. देव पावला. मी पण चेहरा बघितला नाही. आज बघतेय. सांगा, या माणसाला हत्यार द्याल?"

"नाही."

"मोठ्यानं."

"नाही देणार."

तेव्हा कुठे ती दारातून बाजूला झाली. पण त्यांना एकटं वर जाऊ दिलं नाही. आम्ही तिघं गेलो. जिने चढताना माझे गुडघे तेवढे वाजत होते. कपाटावरून कव्हर त्यांनीच उतरवलं, बंदूक उघडली, आतली काडतुसं काढली. ती आत होती. काडतुसं तिने स्वतः डब्यात भरली, डबा आपल्या पर्समध्ये टाकला.

शिवांजलीला आमच्या घरी थांबवायला मी सुनेला, रुचिताला, सांगितलं. नोएडासाठी सांगितलेली कॅब खाली येऊन उभीच होती. पत्ता बदलला तेव्हा ड्रायव्हरने आरशातून लांबट कव्हर बघितलं, मग माझे पांढरे केस बघितले, आणि काही विचारलं नाही. वाटेत ट्रॅफिक तुंबलेला. धोंडीराम मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. सिग्नलला गाडी थांबली की अक्षता त्यांचं मनगट धरायची आणि गाडी सुटली तरी सोडायची नाही. अर्ध्या तासाचा रस्ता मला पाच अंकांएवढा वाटला.

जुन्या बाजारात एक गन हाऊस आहे. लायसन्स असलेल्या माणसाला तिथे आपली बंदूक जमा ठेवता येते. निवडणुका आल्या की लोक ठेवतातच. काउंटरवरच्या म्हाताऱ्या लालाजींनी कव्हर बघून विचारलं, "बेचनी है, फौजी साहब?"

"जमा करनी है."

"कितने दिन?"

धोंडीरामांनी अक्षताकडे बघितलं. "जब तक ये ना कहें," ते म्हणाले.

नंबर त्यांनी स्वतः तपासला, पावतीवरची तारीख दुरुस्त करायला लावली, काडतुसं मोजून दिली. बाहेर आल्यावर त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले. अक्षताने आपली पर्स त्यांच्या हातात दिली. "धरा. कोत हवालदार आहात, हरवू नका." त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि रस्त्यावरच, भर गर्दीत, ते रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पॉलिक्लिनिकमध्ये गेले. डॉक्टरांनी आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं, मग शंभूचं. नऊ वर्षांत शंभूबद्दल विचारणारं ते पहिलं माणूस. औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नव्हतं. गनमनची नोकरी गेली, त्यांना भीती होती तशीच. जानेवारीच्या धुक्यात तीन आठवडे ते अंथरुणातून उठले नाहीत. एकदा औषधं खिडकीतून फेकली, शिवांजलीने खाली जाऊन वेचून आणली आणि म्हणाली, "पप्पा, अगली बार निशाणा तो ठीक लगाओ." त्यावर ते हसले, तो त्या महिन्यातला एकमेव हसण्याचा प्रसंग.

ते रजिस्टर अक्षताने फेकलं नाही. मागच्या कोऱ्या पानांवर तिने पट्टीने रेघा मारल्या: तारीख, झोप, आणि तिसरा कॉलम, चेहरा. रोज सकाळी चहाच्या आधी धोंडीरामांनी आरशात बघून तो स्वतः भरायचा. खोटं लिहायचं नाही, एवढीच अट. 'ठीक', 'ठीक नाही', 'ठीक नाही', 'बरा'. लागोपाठ तीन दिवस 'ठीक नाही' आलं की ती न विचारता क्लिनिकला फोन लावते. मी ते पान पाहिलं आहे. माझ्या सगळ्या नाटकांच्या सगळ्या संहिता मी त्या पानावरून ओवाळून टाकीन.

मार्चपासून ते नोएडाच्या एका कारखान्यात टूल रूमवर आहेत. पाने, गेज, ड्रिल, सगळं सहीवर द्यायचं आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका कामगाराला ड्रिल दिलं नाही. सुपरवायझर भडकला. मग कळलं, त्या माणसाचा भाऊ आदल्या रात्री वारला होता आणि तो कुणाला न सांगता कामावर आला होता.

गेल्या महिन्यात गन हाऊसमधून निरोप आला. जमा ठेवायची मुदत संपत आली होती. बंदूक घेऊन जायची किंवा मुदत वाढवायची, ते ठरवायला येऊन जा. डॉक्टर म्हणाल्या होत्या की घाई नको, पण अक्षता म्हणाली, जाऊन तर येऊ. मला गाडीत फिरायला आवडतं, त्यामुळे मीही बसले.

लालाजींनी दुनळी आतून आणली, फडक्याने पुसली आणि काउंटरवर आडवी ठेवली. छान निगा राखली होती त्यांनी. धोंडीरामांनी दस्त्यावरचा नंबर तपासला, नळीवर बोट फिरवलं. बँकेत पुन्हा माणूस हवा होता. चांगली नोकरी होती. अक्षता माझ्या शेजारी उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता, पण तिने एक शब्द काढला नाही. तिने ठरवलं होतं तसं.

काउंटरच्या मागे काचेचं कपाट आहे, त्याच्या पाठीला आरसा. धोंडीरामांनी मान वर केली आणि त्या आरशात बघितलं. उगाच ओझरतं नाही. नाटकाच्या दिवशी त्यांनी अनुरागकडे बघितलं होतं तसं, रांगेतल्या जवानाकडे बघतात तसं, पूर्ण वेळ घेऊन. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. लालाजींनी एकदा घसा खाकरला.

"घ्यायची?" शेवटी अक्षतानेच विचारलं.

त्यांनी दोन बोटांनी बंदूक लालाजींकडे परत सरकवली.

"आज नको. पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा चेहरा दाखवतो."